पास झालेल्या खोल्या

सोमवार, २ मार्च

बोलायला माणूस उरलं नाही म्हणून ही वही काढली आहे. हॉटेलात जन्म गेला माझा. आधी खोल्या आवरल्या, मग आवरणाऱ्या बायकांवर सुपरवायझर झाले. पण दिवसभरात तोंड उघडायची वेळच आली नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. आज झालं.

सकाळची बैठक बंद झाली. बैठक म्हणजे काय, लिनन रूममध्ये चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाभोवती सगळ्याजणी उभ्या राहायच्या आणि मी मजले वाटून द्यायची. कुणाची कंबर धरली आहे, कुणाचं मूल तापलं आहे, कुणाचं कुणाशी बिनसलं आहे, हे बघून जोड्या लावायच्या. दोघी मिळून एक खोली. त्यात भांडणं व्हायची, खिदळणं व्हायचं आणि कामही व्हायचं. साहेबांच्या मते यात वेळ वाया जात होता. साहेब म्हणजे आमचे नवे मॅनेजर. वयाने माझ्या भाच्याएवढे, वागायला सभ्य, फक्त समोर आलेख नसला की त्यांना करमत नाही. आता प्रत्येकीला एक मोबाईल, त्यात ॲप. ॲप सांगेल ती खोली, सांगेल तेव्हा. जोडी मोडली. एकीने एक खोली करायची.

आणि शेवटी हळूच सांगितलं ते असं, की खोल्या आता ॲपच वाटणार, तर सुपरवायझर दोन कशाला? महिनाअखेरीला मी किंवा दुपारपाळीची घाईबाई, दोघींपैकी एकच राहणार. दुसरीला 'मोकळं करण्यात येईल'. मोकळं! गुरं आहोत का आम्ही?

या वयात मला दुसरं दार कोण उघडणार? यांच्या शिवणकामावर घर चालेलही रडतखडत. पण मी घरी बसून काय करू, काजं मोजू? मला ही जागा हवी आहे. सरळ लिहिते, हवी आहे.

हे शेजारी बटणं लावत बसले आहेत. वहीत डोकावून म्हणाले, "लिहितेस की दुकानाची पाटी रंगवतेस? केवढी अक्षरं ती!" मी म्हटलं, ज्याला वाचायचं नाही त्याने डोकावू नये.

बुधवार, ४ मार्च

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आता कळलं. मला टॅब दिला आहे. पोरीचं काम झालं की ती मोबाईलवर दाबते, माझ्याकडे ती खोली पिवळी होते. मी जाऊन तपासायची, पास केली की हिरवी. पास केल्यानंतर पाहुण्याने किंवा आपल्यापैकीच कुणी त्या खोलीत खोट दाखवली, की लाल. तो लाल थेट माझ्या नावावर. एकमेकींना संदेशही पाठवता येतात, पण ते सगळे साहेबांना दिसतात. साहेब याला पारदर्शकता म्हणतात. मी म्हटलं, साहेब, काचेच्या न्हाणीघरात कुणी आंघोळ करत नाही. ते हसले. बहुतेक कळलं नसावं.

पूर्वी तपासणीला डावरी माझ्या मागोमाग असायची, खांद्यावर फडकं टाकून. सगळी कामं डाव्या हाताने करते म्हणून डावरी. तोंडाची टकळी चालू आणि हाताने पुसणंही चालू. मी तिला माझं शेपूट म्हणायची. ॲपला शेपूट चालत नाही. आता तपासणी माझी एकटीची.

मला त्याचं काय? खोलीत पाऊल टाकलं की वासावरून कळतं, काम झालंय की नुसतं उरकलंय. बोट फिरवलं की धूळ कळते. नाहीतरी चौथ्या मजल्यावर इतके मरतुकडे दिवे लावलेत की बघू म्हटलं तरी काही दिसत नाही. वीज वाचवतात मेले.

शनिवार, ७ मार्च

मजल्यावर चिडीचूप. प्रत्येकीची मान मोबाईलात. लिफ्टपाशी दोघी समोरासमोर आल्या तरी थांबत नाहीत, कारण थांबलं की ॲप विचारतं, का थांबलात. पूर्वी मी ओरडायची, "गप्प बसा गं!" आता मला ओरडायलाही काही नाही. जीव कासावीस होतो. घरी आल्यावर यांना इतकं सांगते की हे म्हणतात, मशीनचा आवाज तरी ऐकू दे.

आज एक विचित्र झालं. टॅबवर डावरीचा संदेश आला. उघडेपर्यंत तिने तो काढून टाकला. जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर म्हणते, चुकून गेला. मग जिन्यात माझ्या मागे आली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक बोलू? तुम्हाला हल्ली मजल्यावर उजेड कमी वाटतो का?"

"मला नाही वाटत, आहेच कमी."

"तसं नाही ताई. म्हणजे चष्म्याचा नंबर..."

मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, "डोळे माझे आहेत, फडकं तुझं आहे. आपापलं सांभाळ."

जरा जोरात बोलले. पण चुकीचं काय बोलले? इथे माझ्या नोकरीवर टांगती तलवार आणि हिला माझ्या चष्म्याची पडली आहे. वरच्या पायरीवर घाईबाई असती तर? उद्या सगळीकडे झालं असतं की सकाळवालीला दिसत नाही.

बुधवार, ११ मार्च

साहेबांनी बोलावून आलेख दाखवला. माझी रेघ हिरवीगार, शेतासारखी. पास केल्यावर एकही तक्रार नाही. घाईबाईची रेघ पिवळी-तांबडी. साहेब म्हणाले, "ताई, इतकी चोख तपासणी मी पाहिलेली नाही." मी नम्रपणे मान खाली घातली, पण आतून नाचत होते. यंत्राला तोंड बघून बोलता येत नाही, हे एक बरं आहे. माझं काम कसं आहे ते आता आकड्यांत आलं.

घरी येताना गाड्यांच्या दिव्यांनी जीव नकोसा झाला. हल्ली काय दिवे बसवतात कुणास ठाऊक, समोरून फुटून अंगावर येतात. दोनदा फुटपाथवर थांबले.

आनंदाने भात टाकला, तर पहिल्याच घासाला यांच्या दाताखाली खडा. मी दुकानदाराचा उद्धार केला. तांदूळ मी स्वतः निवडले होते, तरी खडा राहतो म्हणजे किती भेसळ असेल! यांनी खडा ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवले.

शुक्रवार, १३ मार्च

टॅबमध्ये मजल्याचा नकाशा आहे हे मला आज समजलं. प्रत्येक मोबाईलचा एक ठिपका. दोन बोटांनी ताणलं की ठिपका लिंबाएवढा होतो. बसल्या जागी सगळा मजला हातात! तासभर मी नुसती ठिपके बघत बसले. टीव्हीवरच्या मालिकेची लागते तशी चटक लागते याची.

आणि त्यात दिसलं ते असं. डावरीचा ठिपका माझ्या मागे मागे फिरतो. मी खोली पास करून पुढच्या खोलीत गेले की हा ठिपका आधीच्या खोलीत शिरतो. बराच वेळ आत राहतो. मग बाहेर. आवरायला ॲपने तिला दिलेल्या खोल्या तशाच पडून. म्हणूनच उशिरापायी तिचं नाव रोज लाल. मला वाटत होतं हात मंदावला असेल.

पास झालेल्या खोलीत तिचं काय काम? पाहुणा अजून यायचा असतो, खोली रिकामी. गादी ताणलेली, एसी चालू. पाय पसरायला जागा बरी आहे. की आणखी काही? शॅम्पूच्या बाटल्या, साबण, छोट्या फ्रीजमधलं चॉकलेट... लिहितानाही लाज वाटते. तिच्या लग्नात मी उभी होते.

सोमवार, १६ मार्च

आज पाळत ठेवली. चौथ्या मजल्यावर मी एक खोली पास केली, कोपऱ्याआड उभी राहिले. ठिपका आला. दार उघडलं, बंद झालं. मी थांबले, आणि ती बाहेर पडताना समोर जाऊन उभी.

"इथे काय करत होतीस?"

तिची पाचावर धारण बसली. हातातलं फडकं मागे लपवलं. "टॉवेल ठेवायला आले होते."

"मी मोजून पास केलीय खोली. टॉवेल पूर्ण आहेत."

"मग... माझाच घोळ झाला असेल, ताई."

खोटं बोलते हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला राग आला त्यापेक्षा वाईट जास्त वाटलं. लिनन रूममधल्या अण्णांकडे मन मोकळं करायला गेले. अण्णा चादरी मोजतात आणि जगाचं गुपित पोटात ठेवतात. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, प्रत्येक गोष्टीच्या खोलात जाऊ नये. काही चालू असतं ते आपल्या भल्यासाठीच असतं."

म्हणजे यांनाही ठाऊक आहे. सगळे सामील. माझ्या मजल्यावर, माझ्या नाकाखाली.

गुरुवार, १९ मार्च

तो ठिपका साहेबांनाही दिसला. दिसणारच, यंत्र काय लपवतं? त्यांनी सकाळी विचारलं, "ताई, ही बाई पास झालेल्या खोल्यांत का जाते? तुमचं मत टॅबवर नोंदवा."

दिवसभर नोंदवलं नाही. एकदा वाटलं, जाऊ दे, सांगावं मीच पाठवते म्हणून. पण उद्या काही चोरीला गेलं तर मीही त्यात गुंतणार, आणि महिनाअखेर दहा-बारा दिवसांवर. घरी यांना विचारलं. हे म्हणाले, "तिला विचार."

"विचारलं. खोटं बोलली."

"पुन्हा विचार. निवांत, बाजूला बसवून. तुझा आवाज न चढवता."

"तिला बाजूला बसवलं तर ॲप दोघींना लाल करतं! आणि माझा आवाज कुठे चढतो?"

हे सुईत दोरा ओवत होते. ओवलेली सुई माझ्या पुढ्यात ठेवली, मला पदराची शिवण घालायची होती म्हणून.

लिहिलं शेवटी. 'पास झालेल्या खोल्यांमध्ये विनाकारण जाते. विचारल्यावर खरं सांगत नाही.' दोन वाक्यं. दोन्ही खरी आहेत. मग जीव का लागत नाही कशात?

शनिवार, २१ मार्च

डावरीला तळघरात धुलाईखान्यात पाठवलं. महिना संपला की तिचा करार वाढवणार नाहीत. साहेबांनी हे तिला ॲपवरच कळवलं, मला वाटलं होतं बोलावून सांगतील.

ट्रॉली परत करायला ती मजल्यावर आली. मी टॅबमध्ये डोकं घालून उभी होते. माझ्यापाशी थांबली. रडेल, भांडेल, काहीतरी बोलेल असं वाटलं. तर म्हणाली, "ताई, आता मजला जपून बघा."

धमकी दिली की काय मला? दिवसभर तेच वाक्य कानात. जपून बघा म्हणजे काय? काय करणार आहे ती?

मंगळवार, २४ मार्च

करून दाखवलं तिने. काल दोन तक्रारी, आज आणखी. उशीवर केस, ग्लासाला लिपस्टिक, आरशावर टूथपेस्टचे शिंतोडे. सगळ्या खोल्या माझ्या पास केलेल्या. शेतासारखी रेघ होती तिच्यात आग लागली आहे.

तिची माणसं अजून मजल्यावर आहेत, तीच हे करत असणार. मी तपासून पुढे गेले की मागून घाण करून ठेवायची, दुसरं काय? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला फैलावर घेतलं. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "ताई, माझ्याकडून घाईत राहिला असेल डाग. पण तुम्हीच पास केली ना खोली? तुम्ही आरशासमोर उभ्या होतात."

उभी होते. आरसा स्वच्छ होता. मी शपथेवर सांगेन.

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, थोडं तरी खा. मी ताट सरकवलं आणि त्यांच्यावरच ओरडले.

गुरुवार, २६ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

अण्णांनी बोलावलं. माझा टॅब आणि स्वतःचा मोबाईल बाहेर ट्रॉलीत ठेवला आणि दार लावलं. टेबलावर एक चादर पसरली. म्हणाले, "ताई, ही मजल्यावर पाठवू की बाद करू?"

मी हात फिरवला. कडक इस्त्री, साबणाचा वास. "पाठवा की. नवी आहे."

अण्णांनी माझं बोट धरलं आणि चादरीवरून फिरवत नेलं, मधोमध, चांगलं वीतभर. "इथून इथपर्यंत चहाचा डाग आहे. दोनदा धुऊन गेला नाही."

मला वाटलं गंमत करतात. चादर उचलून खिडकीशी नेली, नाकाजवळ धरली, तिरकी केली. तेव्हा काहीतरी तांबूस दिसल्यासारखं झालं. चादर तशीच मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"आणि डावरी?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"तुम्ही पास केलेली खोली ती पुन्हा बघायची. केस उचलायचा, आरसा पुसायचा, ग्लास बदलायचा. पहिल्या दिवसापासून. पूर्वी तुमच्या मागे फडकं घेऊन फिरायची तेव्हाही हेच करायची, फक्त तेव्हा ते तुम्हाला आणि तिलाही काम वाटायचं. आता ॲपने तिला तुमच्यापासून तोडलं, तर ती स्वतःच्या खोल्या मागे टाकून धावायची."

"मला सांगायचं ना कुणीतरी!"

"ॲपवर लिहिलं असतं तर साहेबांनी वाचलं असतं, तुमच्या नावावर लाल. आणि तोंडाने सांगायचं तर उभं राहायला वेळ कुणाला आहे? शिवाय ताई, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?"

"मांजर कोण, मी?"

"आता तेही मीच सांगायचं का?" अण्णा म्हणाले.

मी हसले नाही. रडलेही नाही. टॅब उचलला आणि मजल्यावर गेले. उरलेल्या खोल्या गुडघे टेकून, नाक लावून तपासल्या. तरी किती राहिलं असेल, कोण जाणे.

शुक्रवार, २७ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "अंधुक कधीपासून दिसतंय?" मी म्हटलं, अंधुक दिसतच नाही, दिवे मंद असतात. त्यांनी वर दिव्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं.

मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डावा त्याच वाटेवर आहे. ऑपरेशन करावं लागेल, एकेका डोळ्याचं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या.

वाटेत मी यांना धरलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

हे चालत राहिले. मग म्हणाले, "तू निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडत होतो. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं, राहून गेलं."

भर रस्त्यात मला इतका संताप आला! घरात तांदूळ हे निवडतात, हॉटेलात आरसा ती पुसते, आणि मी मधे मिरवते आहे, वासावरून मला सगळं कळतं म्हणून! सगळ्यांनी मिळून मला सांभाळलं, पण सांगितलं कुणीच नाही. मी म्हटलं, "बायकोला एक शब्द सांगता येत नाही तुम्हाला?"

"दोनदा सांगितला होता. दुसऱ्यांदा तू दोन दिवस बोलली नव्हतीस."

मला आठवलं. कुसळ-मुसळाची म्हण त्यांच्या ओठांवर आलेली मला त्या अंधुक डोळ्यांनीही दिसली. म्हटलं, "बोललात तर बघा." बोलले नाहीत. माझा हात मात्र रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

रविवार, २९ मार्च

उद्या निकाल. सुट्टी असून घरभर येरझाऱ्या. घाईबाईचे आकडे महिनाभराचे वाईट, माझे एकाच आठवड्याचे. मी गप्प बसले तर जागा मलाच मिळायची शक्यता जास्त. मग रजा टाकून ऑपरेशन, डोळा नवा, कुणाला काही कळायची गरज नाही. अण्णा बोलणार नाहीत. डावरीही बोलणार नाही, बोलायची असती तर शनिवारीच बोलली असती.

आणि तिचा करार परवा संपतो.

मांडलेला विचार पुन्हा पुन्हा मोडते. चार वेळा चहा केला, एकदाही प्यायले नाही.

सोमवार, ३० मार्च

साहेबांनी बसायला सांगितलं. आलेख समोर. "अभिनंदन ताई. गेल्या आठवड्यातली घसरण तुमची नाही. त्या बाईला हलवल्यावर तिच्या मैत्रिणींनी मुद्दाम गोंधळ घातला, हे ठिपक्यांवरून दिसतंच. तो आठवडा मी हिशेबातून वगळलाय."

माझाच निष्कर्ष, माझ्याच चुका, शब्दही जवळजवळ माझेच. 'आभारी आहे' जिभेवर आलं होतं. खोटं कशाला लिहू, क्षणभर मी ते बोलणारच होते. साहेबांनी सहीसाठी टॅब पुढे केला. सही कुठे करायची ती चौकट मला दिसेना. त्यांनी बोट ठेवून दाखवली.

म्हटलं, "साहेब, मला दिसत नाही."

"अजून मोठं करू का?"

"ते नाही. मला खोल्याच दिसत नव्हत्या. महिनाभर. ही हिरवी रेघ माझी नाही, डावरीची आहे." मग सगळं सांगितलं. चादरीपासून ती दोन वाक्यं लिहिली तिथपर्यंत. त्यांनी मधे एकदाही टॅबकडे बघितलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

बराच वेळ ते टॅबवर बोट फिरवत राहिले. मग हताश होऊन म्हणाले, "ताई, हे मी टाकू कुठे? यात असा रकानाच नाही."

"मग तोंडानेच काहीतरी करा," मी म्हटलं.

संध्याकाळी ठरलं ते असं. दोन्ही पाळ्यांची सुपरवायझर घाईबाई. डावरीचा करार वाढवला, सकाळच्या खोल्या तीच तपासेल. पद नाही, पगार तोच. काम तिचं आणि नाव घाईबाईचं, म्हणजे फारसं काही बदललं नाही. ऑपरेशननंतर मला हवं असेल तर खोल्या आवरायला यावं. मोकळं केलं नाही, एवढंच.

जिथून निघाले होते तिथे परत. घरी येऊन खूप रडले. यांनी मशीन बंद केलं आणि शेजारी बसून राहिले.

मंगळवार, ३१ मार्च

तळघरात गेले. धुलाईच्या मशीनांचा धडधडाट, वाफ. डावरी चादरी बाहेर काढत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं." ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तिने कानाला हात लावला. तिसऱ्यांदा जीव खाऊन ओरडले, नेमकं तेव्हाच मशीन थांबलं आणि "चुकलं माझं!" हे सगळ्या धुलाईखान्याने ऐकलं. कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. डावरी हसली नाही.

"मला तोंडावर चोर म्हणाल्या असतात तर मी भांडले असते," ती म्हणाली. "दोन दिवसांनी मिटलंही असतं. तुम्ही टॅबवर लिहिलंत. टॅबशी मी कशी भांडू?"

"तू तरी तोंडावर सांगायचंस ना, मला दिसत नाही म्हणून."

"जिन्यात आले होते सांगायला. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आठवतं. या वहीतच लिहिलेलं आहे, आणि वर लिहिलंय की चुकीचं काय बोलले.

मी उभी राहिले. ती पुन्हा चादरी काढू लागली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मागायला माझी जीभ रेटेना. मशीन सुरू झालं, मग मी वर आले.

सोमवार, ११ मे

आज पुन्हा कामावर. उजवा डोळा झाला, डावा पुढे बघू. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि मी डोळे मिचकावले, इतका लख्ख उजेड. दिवे तेच आहेत, मी अण्णांना विचारून घेतलं.

मोबाईलने मला खोली दिली. किती वर्षांनी चादर ताणली कुणास ठाऊक! एकटीने ताणायची म्हणजे या टोकाकडून त्या टोकाकडे पळायचं. कंबर बोलायला लागली. तरी नेटाने सगळं केलं. मनात एकच धाकधूक, तपासायला ती येणार. माझ्याहून किती लहान, आणि आज मी तिच्यापुढे परीक्षेला. सकाळपासून दोनदा वाटलं, मोबाईल टेबलावर ठेवावा आणि घरी जावं. 'झाली' दाबलं आणि दाराशी उभी राहिले.

डावरी आली. तळघरात भेटले त्यानंतर आमचं बोलणं नाही. माझ्याकडे न बघता तिने पलंग बघितला, न्हाणीघर बघितलं, वाकून खाली बघितलं. मग आरशासमोर थांबली. मलाही दिसलं तेव्हाच, खालच्या कोपऱ्यात फडक्याचा ओघळ. घाईत राहून गेला होता. आता डोळ्यांवर ढकलायचीही सोय नाही.

तिच्या हातात टॅब होता. एक बोट लावलं असतं की माझ्या नावावर लाल, आणि न बोलता पुढच्या खोलीत. नाहीतर डाव्या हाताने चटकन पुसलं असतं आणि मला सांगितलंही नसतं. पूर्वीसारखं. दोन्ही वाटा मला दिसत होत्या. तिने टॅब काखेत मारला आणि माझ्याकडे वळली.

"आरशावर ओघळ आहे. पुन्हा पुसा."

ताई म्हणाली नाही. आवाज कोरडा. दार उघडंच होतं, समोरच्या खोलीतली मुलगी काम थांबवून ऐकत होती. माझ्या तोंडाशी काय काय आलं! तू मला शिकवणार? आरसा कसा पुसायचा ते तुला कुणी दाखवलं? डावरी तशीच उभी, पाय रोवून. वाट बघत होती ती, मी काय बोलते याची. आणि घाबरली होती, हे मला स्वच्छ दिसलं. तरी हटली नाही.

"बरं," मी म्हटलं, आणि फडकं उचललं.